एडी विलर्सचे काय झाले?

कादंबरी वाचून माणसे भारावून जातात, यात नवल नाही. तरुण वयात एखादी कादंबरी काही महिने माणसाच्या चालण्याबोलण्यात उतरते आणि पुढे संसाराच्या रगाड्यात कधी ओसरून गेली ते कळतही नाही. परंतु एखाद्या कादंबरीची पोथी व्हावी, तिच्या नायकाचे भाषण संहितेसारखे आधाराला घेतले जावे आणि कर कोणावर बसवावा, रुग्णालये कोणी चालवावीत, शाळांचा खर्च कोणी उचलावा याचे निर्णय तिच्यातून काढले जावेत, असा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच घडतो. आयन रँड यांच्या ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ या कादंबरीच्या बाबतीत तो घडला आहे. १९५७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ही हजारांहून अधिक पृष्ठांची कादंबरी तेथील लिबर्टेरियन म्हणविणाऱ्या पंथात आजही निष्ठेने वाचली जाते. आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांतही रँड यांचे चाहते कमी नाहीत. या पोथीचा विचार एकदा कादंबरी म्हणूनच करावा, असे मला वाटते. राजकीय वादात जे प्रश्न झाकून ठेवता येतात ते कथेत झाकता येत नाहीत. कथेत माणसे असतात, आणि त्या माणसांचे पुढे काय झाले हे लेखकाला सांगावेच लागते.

‘लिबर्टेरियन’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. उदारमतवादी म्हणावे, तर आपल्याला गोखले आठवतात; आणि गोखल्यांनी तर १९११ साली मुलांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. लिबर्टेरियन मनुष्य अशा विधेयकाला स्वातंत्र्यावरील घाला म्हणेल. शासनाने पोलीस, न्यायालय आणि सैन्य एवढेच सांभाळावे, बाकी सर्व व्यवहार माणसांच्या परस्पर करारांवर सोडावेत, सक्तीने घेतलेला कर ही एक प्रकारची लूट होय, अशी ही भूमिका आहे. तिला तत्त्वज्ञानाची प्रतिष्ठा रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथाने मिळवून दिली. या नावाचा राजकीय पक्ष अमेरिकेत १९७१ सालीच स्थापन झाला होता. गंमत अशी की, रँड यांना स्वतःला हा पक्ष आणि हे नाव मुळीच मान्य नव्हते. आपल्या कल्पना चोरून त्यांची नासाडी करणारी माणसे म्हणून त्यांनी या मंडळींचा धिक्कार केला. परंतु पोथी कोणी वाचावी हे पोथीकाराच्या हाती नसते.

रँड यांचा राग कोठून आला हे प्रथम समजून घेतले पाहिजे. १९०५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे एका ज्यू औषधविक्रेत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. क्रांतीनंतर बोल्शेविकांनी वडिलांचे दुकान जप्त केले. कुटुंबाने उपासमार पाहिली. १९२६ साली ही मुलगी अमेरिकेत पोचली ती परत न जाण्याच्या निश्चयाने. जिने स्वतःच्या वडिलांच्या दुकानाला सरकारी मोहोर लागलेली पाहिली, तिने शासनाच्या परोपकारी भाषेवर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? ज्यांना रँड यांचा उपहास करून मोकळे व्हावयाचे आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या अनुभवातून १९३६ साली त्यांची पहिली कादंबरी आली: ‘वुई द लिव्हिंग’. माझ्या मते त्यांचे सर्वांत सच्चे पुस्तक हेच. पेट्रोग्राडमधील कीरा नावाची तरुणी लिओवर प्रेम करते. लिओला क्षय होतो. सरकारी आरोग्यधामात जागा मिळविण्यासाठी कीरा दारोदार फिरते. पण लिओ उमराव घराण्यातला, कामगार संघाचा सभासद नव्हे. यादवी युद्धात लाखभर कामगार मेले, तेथे एक उमराव मेला तर काय बिघडले, अशा अर्थाचे उत्तर एक अधिकारी तिला देतो. शेवटी ती आंद्रे या कम्युनिस्ट तरुणाशी संबंध जोडते आणि त्याच्याकडून मिळणाऱ्या पैशांवर लिओला क्रिमियात उपचारासाठी धाडते. हा आंद्रे खलपुरुष नाही, हे या कादंबरीचे मोठेपण. तो प्रामाणिक आहे, कीरावर त्याचे खरे प्रेम आहे, आणि ज्या सत्तेसाठी आपण लढलो तिचे रूप ओळखल्यावर तो जगू शकत नाही.

या पुस्तकात एक आजारी माणूस आहे आणि त्याच्यासाठी आपले सर्वस्व देणारी एक स्त्री आहे. शासनावरील आरोपही अगदी नेमका आहे. मरणाच्या दारातील माणसासमोर हे शासन वही उघडून बसते, त्याचे कूळ आणि त्याची मते तपासते आणि मग त्याने जगावे की नाही हे ठरविते, हा तो आरोप. त्याला उत्तर नाही. सोव्हिएट राजवटीची बाजू घेणाऱ्या आपल्याकडील कित्येक विद्वानांनी हे पान वाचावयास हवे होते.

एकवीस वर्षांनी ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ आली. तोपर्यंत ‘द फाउंटनहेड’ने रँड यांना १९४३ साली कीर्ती मिळवून दिली होती. नव्या कादंबरीची कल्पना खरोखरच भव्य आहे. जगाचा भार वाहणारा अ‍ॅटलास खांदा काढून घेतो. म्हणजे उद्योगपती, शोधक, कलावंत, असे सर्व कर्तबगार लोक संप करतात आणि कोलोराडोच्या डोंगरांतील एका गुप्त दरीत जाऊन राहतात. त्यांच्यावाचून देश कोसळतो. संपाचा नायक जॉन गाल्ट आकाशवाणीवरून तीन तासांचे भाषण करतो. ते भाषण भक्तांना सर्वांत प्रिय आहे. पण कादंबरीचे मर्म त्या भाषणात नसून एका बोगद्यात आहे.

‘कॉमेट’ नावाची गाडी डोंगरात बंद पडते. पुढे आठ मैलांचा बोगदा आहे आणि त्यातून केवळ डिझेलवर चालणारी इंजिनेच नेता येतात. कोळशाचे इंजिन नेले तर धुराने माणसे गुदमरतील, हे रेल्वेतील सर्वांना ठाऊक आहे. डिझेल इंजिन उपलब्ध नसते. गाडीत बसलेला एक राजकारणी सभेला वेळेवर पोचण्यासाठी आकांडतांडव करतो. मग वरिष्ठ आपल्या हाताखालच्याला मोघम हुकूम देतो, तो आपल्या हाताखालच्याला देतो, प्रत्येक जण कागदावर आपले अंग काढून घेतो आणि कोळशाचे इंजिन बोगद्यात शिरते. जबाबदारी एकेक पायरी खाली ढकलली जाण्याचे हे वर्णन रँड यांनी विलक्षण सामर्थ्याने केले आहे. ज्याने कोणत्याही कचेरीत एखादी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना पाहिली आहे, त्याला हे प्रकरण वाचताना घाम फुटेल. येथपर्यंत लेखिका कादंबरीकार आहे.

त्यानंतर मात्र ती लेखणी खाली ठेवते आणि वही उघडते. बोगद्यात शिरलेल्या गाडीचा एकेक डबा, एकेक कक्ष ती आपल्याला दाखविते. या कक्षात अमुक मत शिकविणारा प्राध्यापक, त्या कक्षात तमुक लिहिणारा पत्रकार, पलीकडे अमुक म्हणणारी शिक्षिका, अशी पंधरासोळा उतारूंची यादी येते. प्रत्येकाच्या नावावर त्याचे चुकीचे मत मांडलेले आहे. सूचना स्पष्ट आहे: ज्या विचारांनी हा बोगदा भरला, ते यांचेच विचार होते, तेव्हा यांना निरपराध म्हणू नका. या यादीत एक आई आहे. तिचा नवरा सरकारी हुकूम अमलात आणणारा नोकर. हे हुकूम फक्त श्रीमंतांना बाधतात, मला माझ्या मुलांचे पाहिले पाहिजे, असे ती म्हणते. हा तिचा अपराध. आणि तिच्या वरच्या बर्थवर तिने आपली दोन मुले निजविली आहेत.

वाचकाने येथे थांबावे. त्या दोन मुलांचे मत कोणते होते? त्यांनी कोणत्या हुकमाचे समर्थन केले होते? लेखिका त्याविषयी काही सांगत नाही, कारण सांगण्यासारखे काही नाही. ती त्यांना आईच्या खात्यावर टाकते आणि पुढच्या कक्षाकडे वळते. भक्त म्हणतात, ही मुले मरावयास योग्य होती असे लेखिकेने म्हटलेलेच नाही. चुकीच्या विचारांचे परिणाम निरपराधांनाही भोगावे लागतात, एवढेच तिने दाखविले आहे. तसे असते तर ही मुले त्या प्रकरणाचा केंद्रबिंदू झाली असती. त्यांच्यासाठी एखादे वाक्य थांबले असते. या यादीत शोक कोठेही नाही; हिशेब चुकता झाल्याचे समाधान आहे. आपल्याकडे अपघातात मेलेल्यांचे पूर्वजन्मीचे पाप शोधणारे लोक असतात. त्यांचा कर्मविपाक आणि हा कर्मविपाक यांत फरक एवढाच, की येथे पाप याच जन्मीचे आहे आणि ते मतांचे आहे.

आता पेट्रोग्राडचा तो अधिकारी आठवा. त्यानेही वही उघडली होती. त्यानेही आजाऱ्याचे कूळ आणि मत पाहिले होते. एक उमराव मेला तर काय बिघडले, असे त्याने म्हटले; एक डबाभर समाजवादी मेले तर काय बिघडले, असे ही कादंबरी सुचविते. ज्या अधिकाऱ्यापासून ही लेखिका जिवाच्या आकांताने पळाली, त्याचीच खुर्ची तिने एकवीस वर्षांनी आपल्या कादंबरीत मांडली आणि तीवर ती स्वतः जाऊन बसली. रँड यांच्यावरील माझा मुख्य आक्षेप हाच आहे. त्यांनी स्वार्थाला सद्गुण म्हटले, हा आक्षेप फार वरवरचा. म्हातारपणी त्यांनी सरकारी निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा घेतला, हा तर त्याहूनही वरवरचा. ज्याच्याकडून सक्तीने कर घेतला गेला त्याने तो अशा रूपाने परत घेण्यात गैर नाही, असे त्यांनी १९६६ सालीच लिहून ठेवले होते. खरा दोष त्यांच्या दृष्टीचा आहे. माणसाने जगण्याचा हक्क आधी सिद्ध करावा, ही अट त्यांनी शत्रूकडून उचलली. सिद्ध करण्याची कसोटी तेवढी बदलली.

या दृष्टीने ती गुप्त दरी पाहण्याजोगी आहे. तेथे ‘देणे’ हा एकच शब्द निषिद्ध आहे. कोणी कोणाला काही देत नाही. मोटारसुद्धा भाड्याने घ्यावयाची. विमान कोसळून जखमी झालेली नायिका डॅग्नी तेथे येते, तेव्हा आपला खर्च भागविण्यासाठी ती गाल्टच्या घरी स्वयंपाक आणि घरकाम करण्याची नोकरी पत्करते. जगातील अगणित स्त्रिया जे काम पैशांवाचून करतात त्याला येथे वेतन आहे, ही गोष्ट एका अर्थाने चांगलीच. परंतु या नंदनवनात अंथरुणाला खिळलेला म्हातारा कोठे आहे? जन्मतः पांगळे मूल कोठे आहे? मुले म्हणाल, तर एका आईची दोन धडधाकट, हसरी मुले क्षणभर दिसतात. आणि ही दरी चालते कशावर? गाल्टने शोधलेल्या एका यंत्रावर. ते हवेतील विजेतून जवळजवळ फुकट शक्ती निर्माण करते. ‘देणे’ हा शब्द ज्यांनी हद्दपार केला त्यांचा सारा संसार निसर्गाच्या देणगीवर चालावा, हा विनोद लेखिकेच्या लक्षात आलेला नाही. कामधेनू दारात बांधून स्वावलंबनाची प्रवचने कोणीही देईल.

आता एडी विलर्सकडे येतो. डॅग्नीच्या रेल्वेत त्याचा बाप आणि आजा नोकरीला होते. हा तिचा बालमित्र आणि उजवा हात. प्रतिभा नाही, पण निष्ठा आणि कष्ट यांत कोणाला हार जाणार नाही. नायकांची मूल्ये त्याला मनापासून पटलेली आहेत. रेल्वेच्या उपाहारगृहात तो एका अनामिक कामगाराशी रोज मन मोकळे करतो. तो कामगार म्हणजे वेषांतर केलेला गाल्ट. एडीच्या बोलण्यातून तो आपल्याला हवी ती माहिती काढून घेतो आणि पुढच्या कर्तबगार माणसाला संपात ओढतो. शेवटी देश कोसळतो. नायक-नायिका सुखरूप दरीत पोचतात. एडीची गाडी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात बंद पडते. जुन्या काळच्या घोडागाड्यांचा एक तांडा येतो आणि उतारू त्यांतून निघून जातात. एडी गाडी सोडावयास नकार देतो. इंजिन सुरू करण्याची धडपड करून करून तो शेवटी रुळांवर पडून हुंदके देतो. त्याला न्यावयास कोणी येत नाही. दरीत त्याला जागा नाही.

रँड यांच्या प्रत्येक भक्ताला मला हा एकच प्रश्न विचारावयाचा आहे. तुम्ही या कादंबरीत कोण आहात? वाचताना प्रत्येकाला आपण गाल्ट आहोत असे वाटते. तसे वाटावे अशीच तिची रचना आहे. परंतु हवेतून वीज काढणारे यंत्र आपण शोधलेले नाही. आपण नेमून दिलेले काम चोख करणारी, मोठ्यांच्या मोठेपणावर विश्वास ठेवणारी माणसे आहोत. म्हणजे आपण एडी विलर्स आहोत. आणि भक्ताचे शेवटी काय होते हे पोथीनेच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. ज्या संप्रदायात भक्तासाठी देव विटेवर उभा राहतो, त्यात वाढलेल्या मराठी वाचकाला तरी भक्ताला वाळवंटात टाकून निघून जाणारा हा देव ओळखता यावयास हवा.

पुस्तकाबाहेरही हेच घडले. न्यूयॉर्कमध्ये रँड यांच्याभोवती जमलेल्या शिष्यांनी थट्टेने आपल्या मंडळाला ‘समूह’ असे नाव घेतले होते. थट्टा खरी ठरली. १९६८ साली वैयक्तिक संबंधांतील दुराव्यातून त्यांनी आपल्या पट्टशिष्याला, नॅथॅनिएल ब्रँडन यांना, बहिष्कृत केले आणि अनुयायांना बाजू निवडावी लागली. स्वतः कट्टर लिबर्टेरियन असलेल्या मरे रॉथबार्ड यांनी १९७२ साली या गोतावळ्याचे वर्णन एक संप्रदाय म्हणूनच केले. व्यक्तीच्या स्वतंत्र बुद्धीचे स्तोत्र गाणाऱ्यांत वेगळे मत हाच अपराध ठरावा, हे त्या बोगद्यातील यादीशी सुसंगतच होते.

याच मंडळातील अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी १९५७ साली वृत्तपत्रात पत्र लिहून कादंबरीचे समर्थन केले होते. उद्दिष्ट आणि विवेक टाळणारी बांडगुळे नष्ट होतात ते योग्यच, असा त्याचा आशय. हेच गृहस्थ १९८७ ते २००६ अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष होते. सावकारी संस्था आपल्या स्वार्थापोटी तरी स्वतःला सांभाळतील, ही त्यांची श्रद्धा. २००८ च्या कोसळण्यानंतर, ऑक्टोबर महिन्यात, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी आपल्या विचारसरणीत दोष आढळल्याचे मान्य केले. ही कबुली प्रामाणिक होती. परंतु तोवर ज्यांची घरे गेली ती माणसे कोणी बांडगुळे नव्हती. ते एडी विलर्स होते.

याचा अर्थ शासनाविरुद्धचा सारा राग खोटा, असा कोणी काढू नये. त्या रागाचा शहाणा आविष्कार पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावयास नको. लेव्ही, निर्यातबंदी, कापसाची १९७२ पासूनची एकाधिकार खरेदी यांनी शेतकऱ्याला सरकारी दारात उभे केले, तेव्हा ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत शरद जोशींची शेतकरी संघटना उठली. खुल्या बाजाराचे स्वातंत्र्य मागणारी एवढी मोठी शेतकरी चळवळ दुर्मिळच. त्यांच्या अर्थकारणाशी मतभेद असणाऱ्यानेही एक गोष्ट पाहावी. १९८६ साली चांदवडला याच संघटनेने शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरविले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावे करून दिला. सरकारकडे घामाचे दाम मागणाऱ्याला आपल्याच घरात बिनदामाचा घाम गळतो आहे हे दिसले, आणि त्याने ते ऋण मानले. गाल्टच्या दरीत हे घडू शकले नसते. तेथे ‘देणे’ हा शब्दच नव्हता. लिबर्टेरियनांचे आदरस्थान असलेल्या हायेक यांनीही १९४४ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात प्रत्येकाला किमान अन्न, वस्त्र, निवारा यांची हमी देण्यास हरकत नसल्याचे म्हटले आहे. भक्त ते पान उलटून पुढे जातात.

स्वातंत्र्य हे फार मोठे मूल्य आहे. परंतु ते भोगणारा मनुष्य जन्मतः स्वतंत्र नसतो. त्याला कोणीतरी दूध पाजलेले असते, चालावयास शिकविलेले असते. आणि अखेरीस चार माणसे खांदा देतात तेव्हाच त्याचा प्रवास संपतो. या दोन टोकांच्या मध्ये जी वीसतीस वर्षे बळाची मिळतात, तेवढ्यांनाच आयुष्य समजून ही कादंबरी लिहिली गेली आहे. म्हणून ती त्या वयाच्या वाचकाला एवढी खरी वाटते. रँड यांचे पुस्तक तरुणांच्या हातून काढून घ्यावे असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांनी ते वाचावे, अवश्य वाचावे. गाल्टचे भाषण पाठ झाले तरी चालेल. फक्त त्या बोगद्यातील वरच्या बर्थवर निजलेल्या दोन मुलांपाशी त्यांनी क्षणभर थांबावे आणि ती कोणत्या अपराधासाठी मेली हे स्वतःला विचारावे. ज्या राजकारणाला याचे उत्तर देता येत नाही, त्याच्या हाती रेल्वे देऊ नये. देशही देऊ नये.